चष्मा लावला तर अपंग नाही, काढला तर वैमानिक नाही

प्रकरण: सटन विरुद्ध युनायटेड एअर लाइन्स. अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय, निकाल २२ जून १९९९.

१९९२ साली दोन जुळ्या बहिणींनी युनायटेड एअर लाइन्सकडे वैमानिकाच्या नोकरीसाठी अर्ज केले. वय, शिक्षण, उड्डाणाचा अनुभव, सरकारी विमान वाहतूक प्रशासनाचे दाखले, सगळं जागच्या जागी होतं. म्हणून तर कंपनीनं दोघींना मुलाखतीला आणि सिम्युलेटरवरच्या चाचणीला बोलावलं. मुलाखतीत मात्र त्यांना सांगण्यात आलं की तुम्हाला बोलावण्यात आमची चूक झाली. कंपनीच्या नियमाप्रमाणे चष्म्याविना नजर किमान २०/१०० हवी होती आणि ती या दोघींची नव्हती. मुलाखत तिथंच आटोपली.

दोघींच्या उजव्या डोळ्याची चष्म्याविना नजर २०/२०० किंवा त्याहून अधू, डाव्याची २०/४०० किंवा त्याहून अधू. सर्वसाधारण नजरेच्या माणसाला जे अक्षर २०० फुटांवरून वाचता येतं, ते वाचायला २०/२०० वाल्याला २० फुटांवर यावं लागतं. डोळ्यांच्या डॉक्टरकडच्या मीटरच्या तक्त्यात यालाच ६/६० म्हणतात. कंपनीची अट त्या हिशेबात ६/३० ची. चष्मा किंवा लेन्स लावली की मात्र दोघींची नजर २०/२०, म्हणजे अगदी ६/६.

त्यांच्या वकिलांनी दाव्यात दोन्ही गोष्टी प्रामाणिकपणे लिहिल्या. चष्म्याविना गाडी चालवणं, टीव्ही पाहणं, दुकानात जाऊन खरेदी करणं जमत नाही. चष्म्यासह मात्र दोघी असं व्यंग नसलेल्या कुठल्याही माणसासारख्याच वावरतात. हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा, पुढे तेच अंगाशी आलं.

सात वर्षांनी सर्वोच्च न्यायालयात ७ विरुद्ध २ मतांनी त्या हरल्या. त्या सात वर्षांत एकही साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला नाही. ‘२०/१०० चीच अट का, ९० ची किंवा १५० ची का नाही?’ हे कंपनीच्या कुठल्याही अधिकाऱ्याला शपथेवर विचारलं गेलं नाही. प्रकरण तिथवर पोचलंच नाही. अपंगत्वावरून भेदभाव झाल्याचे दावे का फेटाळले जातात हे समजून घ्यायला मी नेहमी हेच प्रकरण पुढे करतो, ते यासाठी. दावा हरणं वेगळं आणि तो सुनावणीआधीच फेटाळला जाणं वेगळं. हरलेल्या माणसाचं म्हणणं निदान कुणीतरी ऐकलेलं असतं.

कोर्टाच्या दारापर्यंत

अमेरिकेत अपंग व्यक्तींच्या हक्कांचा मुख्य कायदा म्हणजे २६ जुलै १९९० रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांनी सही केलेला एडीए. नोकरीतल्या भेदभावाबद्दल थेट कोर्टात जाता येत नाही. आधी ईईओसी या केंद्रीय समान रोजगार आयोगाकडे तक्रार नोंदवावी लागते आणि आयोगाकडून ‘आता तुम्ही दावा लावू शकता’ असं पत्र घ्यावं लागतं. बहिणींनी हे सगळं रीतसर केलं आणि कोलोरॅडोच्या केंद्रीय जिल्हा न्यायालयात दावा लावला.

कायद्यानं अपंगत्वाच्या तीन व्याख्या दिल्या आहेत आणि त्यातली एक लागू झाली तरी पुरते. एक, जीवनातल्या एखाद्या मुख्य क्रियेवर लक्षणीय मर्यादा घालणारं शारीरिक वा मानसिक व्यंग. दोन, असं व्यंग पूर्वी असल्याची नोंद. तीन, असं व्यंग नसतानाही समोरच्यानं तुम्हाला तसं मानणं. बहिणींनी पहिली आणि तिसरी धरली.

कंपनीनं दावा मुळातच फेटाळण्याचा अर्ज दिला. या अर्जाचा गाभा असा: वादींनी लिहिलेला शब्द न् शब्द खरा धरा, तरीही कायद्यानं काही मिळण्यासारखं त्यात नाही. आपल्याकडे वादपत्राच्या शेवटी ‘दाव्यास कारण घडले’ म्हणून जो ठरीव परिच्छेद असतो, नेमका तोच पाय काढून घ्यायचा. या टप्प्यावर न्यायाधीश वादीवर अविश्वास दाखवत नाहीत, उलट सगळं खरं मानून चालतात. म्हणून इथं फेटाळलं जाणं जास्त लागतं. तुम्ही खोटे ठरत नाही. तुमचं सगळं खरं आहे, पण हा कायदा तुमच्यासाठी नाही, असं उत्तर मिळतं.

जिल्हा न्यायालयानं अर्ज मान्य केला. दहाव्या विभागाच्या अपील न्यायालयानं १९९७ मध्ये तो निर्णय कायम ठेवला.

आड आणि विहीर

या कायद्याखाली नोकरीचा दावा लावणाऱ्याला दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. आपल्याला अपंगत्व आहे ही एक. आणि वाजवी सोय मिळाली तर, किंवा न मिळताही, कामाची मुख्य कर्तव्यं आपण पार पाडू शकतो ही दुसरी. पहिलीसाठी ‘मला फार काही जमत नाही’ असं म्हणावं लागतं, दुसरीसाठी ‘मला सगळं जमतं’ असं. दोन्ही एकाच कागदावर, एकाच सहीखाली.

बहिणींच्या वकिलांनी दुसरी बाजू भक्कम केली. विमान उडवायला निघालेल्या बाईला ‘मला चष्म्यानंसुद्धा जरा कमीच दिसतं’ असं म्हणून चालणार होतं का? त्यांना दुसरा रस्ता नव्हता. पण त्या भक्कमपणानंच पहिली बाजू कोसळली.

मग प्रश्न उरला एकच. अपंगत्व मोजायचं ते चष्म्यासह की चष्म्याविना? ईईओसीच्या मार्गदर्शक सूचनांचं उत्तर स्पष्ट होतं: औषध, चष्मा, कृत्रिम अवयव यांचा हिशेब न धरता मोजा. न्याय खात्याच्या सूचनाही तशाच होत्या. अपील न्यायालयांपैकी बहुतेकांनी तोवर हीच वाट धरली होती.

न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी बहुमताचं निकालपत्र लिहिलं आणि ती वाट बंद केली. कारणं तीन. पहिलं व्याकरणाचं. कायद्यातलं क्रियापद वर्तमानकाळी आहे. व्यंग मर्यादा ‘घालतं’ असं तिथं म्हटलंय, ‘उपाय काढून घेतला तर घालेल’ असं नाही. दुसरं, प्रत्येक माणसाची तपासणी स्वतंत्र व्हावी असं कायदा सांगतो. उपचाराविना काय झालं असतं याची कल्पना करत बसलं तर माणूस बाजूला राहतो आणि आजाराचं नाव बघून निर्णय होतो. मग प्रत्येक मधुमेही आपोआप अपंग ठरेल, तो रोज इन्सुलिन घेऊन ठणठणीत असला तरी.

तिसरं कारण आकड्याचं होतं. १९९० च्या कायद्याच्या सुरुवातीला संसदेनं नोंदवलं होतं की देशात सुमारे ४ कोटी ३० लाख लोकांना एक वा अधिक अपंगत्वं आहेत. ओकॉनर यांनी हिशेब मांडला. नीट दिसायला चष्मा किंवा लेन्स लागणारेच १० कोटींहून अधिक. उच्च रक्तदाबाचे ५ कोटी. आजारांच्या नावांवरून मोजलं तर आकडा १६ कोटींच्या घरात जातो. उपाय वगळून मोजायचं संसदेच्या मनात असतं तर ४ कोटी ३० लाख हा आकडा तिथं आलाच नसता.

गणित म्हणून हा युक्तिवाद बिनतोड आहे. कायदा म्हणून मला तो कधीच पटला नाही. प्रास्ताविकातला आकडा प्रश्न किती मोठा आहे हे सांगायला घालतात. ‘एवढ्या जागा भरल्या की दार बंद’ अशा अर्थानं नव्हे. संसदेनं व्याप्ती दाखवायला लिहिलेला आकडा कोर्टानं कुंपण म्हणून वापरला. आणि कुंपणाबाहेर राहिले ते आधी वाटलं त्याहून कितीतरी जास्त लोक.

न लिहिलेलं एक वाक्य

तिसऱ्या व्याख्येवर हा दावा वाचू शकला असता असं मला वाटतं. कंपनीनं आपल्याला अपंग ‘मानलं’, एवढं दाखवलं तर चष्म्याचा वाद निघतच नाही. पण कंपनीनं नेमकं कुठल्या क्रियेत मर्यादा मानली? वादींनी लिहिलं: काम करण्याच्या क्षमतेत. कंपनीच्या लेखी आम्ही वैमानिक म्हणून काम करू शकत नाही.

इथं कोर्टानं पाय पकडला. ‘काम करणं’ ही मुख्य क्रिया धरायची तर एका विशिष्ट नोकरीपुरती अडचण चालत नाही, कामांच्या एका मोठ्या वर्गातूनच माणूस बाद झालेला असावा लागतो. वादींची तक्रार होती जागतिक कंपनीतल्या वैमानिकाच्या जागेबद्दल. ती एकच नोकरी. प्रादेशिक कंपनीत वैमानिक होता येतं, उड्डाण शिकवता येतं, अशी उदाहरणं निकालपत्रात आली. उंची, बांधा, गाण्याचा आवाज यांबाबत मालकाची आवडनिवड असू शकते, तशीच ही, असंही कोर्टानं म्हटलं.

आणि जाता जाता ओकॉनर यांनी एक टिप्पणी केली. कंपनीनं आपल्याला ‘पाहण्याच्या’ क्रियेत मर्यादित मानलं, हा सरळ दिसणारा युक्तिवाद वादींनी केलेलाच नाही.

हे वाचताना दर वेळी हात कपाळावर जातो. नजरेवरून नाकारलेल्या दोन बायका. कंपनीनं कारण तोंडावर सांगितलेलं. आणि ‘पाहणं’ हा शब्द या मुद्द्याखाली नाही! तो असता तर निकाल फिरला असता असं छातीठोकपणे कुणी म्हणू शकणार नाही. पण कोर्ट वादपत्राच्या बाहेर जाऊन वादीसाठी मुद्दे शोधत नाही. माणसाला झालेला अन्याय आणि कागदावर मांडलेला अन्याय यांत अंतर पडलं की कोर्टासमोर असतो तो दुसरा.

न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी वेगळं निकालपत्र लिहिलं, न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांनी त्याला साथ दिली. स्टीव्हन्स स्वतः दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते. त्यांनी उदाहरण घेतलं कारखान्यातल्या अपघातात किंवा इवो जिमासारख्या लढाईत पाय गमावलेल्यांचं. कृत्रिम पाय लावून, जिद्दीनं व्यायाम करून त्यांच्यातले कित्येक जण आता सगळं करतात. बहुमताचा नियम शब्दशः लावला तर ही माणसं पहिल्या व्याख्येतून बाहेर पडतात, आणि ती बाहेर पडतात ती स्वतःच्या कष्टामुळे. कायद्याचं संरक्षण मिळवायचं तर बरं होऊ नका, असा त्याचा अर्थ.

त्याच दिवशी आणखी दोन निकाल याच अंगानं लागले. यूपीएसमधला एक मेकॅनिक, रक्तदाबामुळे कामावरून काढलेला. गोळ्या घेतल्यावर त्याच्यावर मर्यादा नाही, म्हणून अपंगत्व नाही. अल्बर्टसन्समधला एक ट्रकचालक, व्यवहारात एकाच डोळ्यानं पाहणारा. त्याच्या मेंदूनं आपोआप शिकून घेतलेली जुळवाजुळवसुद्धा कोर्टानं उपायांत धरली. मग ८ जानेवारी २००२ रोजी टोयोटा विरुद्ध विल्यम्स प्रकरणात कोर्टानं एकमतानं सांगितलं की व्याख्या कडकच वाचायची. मनगटाच्या दुखण्यानं जोडणीच्या साखळीवर काम जमत नाही एवढं पुरेसं नाही. दात घासणं, अंघोळ, घरकाम अशा रोजच्या जगण्याच्या केंद्रातल्या गोष्टी जमतात का ते पाहायचं. हेही निकालपत्र ओकॉनर यांचंच.

खालच्या कोर्टांनी यातून काय घ्यायचं ते घेतलं. मधुमेह, अपस्मार, कर्करोग झालेल्यांचे दावे ‘अपंगत्वच नाही’ म्हणून जाऊ लागले. मालकानं माणसाला आजारामुळे काढलं, आणि कोर्टात तोच मालक म्हणतो की याला तसं काही झालेलंच नाही.

नऊ वर्षांनी

२५ सप्टेंबर २००८ रोजी दुसऱ्या बुश यांनी, म्हणजे मूळ कायद्यावर सही करणाऱ्यांच्या मुलानं, दुरुस्ती कायद्यावर सही केली. १ जानेवारी २००९ पासून तो लागू झाला. संसदेनं असं क्वचितच केलं असेल: कायद्याच्या मजकुरात सटन आणि टोयोटा या निकालांची नावं घेऊन सांगितलं की हे आम्हाला अभिप्रेत नव्हतं. ४ कोटी ३० लाखांचं वाक्य काढून टाकलं. औषध, कृत्रिम अवयव, श्रवणयंत्र यांचा परिणाम वगळून मोजायचं, हे आता कलमातच आलं. तिसऱ्या व्याख्येसाठी ‘लक्षणीय मर्यादा मानली’ हे दाखवायची गरज उरली नाही; व्यंगामुळे नाकारलं एवढं दाखवलं की झालं, व्यंग किरकोळ आणि सहा महिन्यांच्या आतलं नसलं म्हणजे बस. अर्थात केवळ तिसऱ्या व्याख्येवर उभं राहणाऱ्याला वाजवी सोय मागता येत नाही.

तेव्हापासून ‘तुम्ही अपंगच नाही’ या कारणानं दावे फेटाळले जाणं कमी झालं. फेटाळण्याची बाकीची दारं उघडीच आहेत, आणि त्यांतलं सगळ्यात निर्दय दार तारखेचं. भेदभाव झाल्यापासून १८० दिवसांत आयोगाकडे तक्रार. राज्यात किंवा शहरात तशी स्वतंत्र यंत्रणा असेल तर ३०० दिवस. आयोगाचं पत्र हाती आल्यावर ९० दिवसांत दावा. हे दिवस नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून नाही, निर्णय कळवला त्या दिवसापासून धावतात. कंपनीतल्या वरिष्ठांकडे किंवा युनियनमार्फत दाद मागत असलात तरी ते थांबत नाहीत. ‘आधी घरातल्या घरात मिटवून बघू’ म्हणणारी समंजस माणसं इथं मार खातात. मुदतबाह्य दाव्यात अन्याय किती मोठा होता हे कुणी विचारत नाही.

कधी प्रतिवादीच चुकीचा निघतो. १५ पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या मालकाला हा कायदा लागू नाही. राज्य सरकारकडून या कायद्याच्या नोकरीविषयक भागाखाली भरपाई मागता येत नाही, हे २००१ च्या गॅरेट प्रकरणात ५ विरुद्ध ४ नं ठरलं. त्यातली एक वादी स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेऊन परतलेली परिचारिका होती. आणि कधी वेळ चुकते. २० जून २०२५ च्या स्टॅनली विरुद्ध सॅनफर्ड शहर या निकालात पार्किन्सन्समुळे लवकर निवृत्त झालेल्या अग्निशमन कर्मचारी बाईंनी निवृत्तांच्या आरोग्य विम्यातल्या कपातीला आव्हान दिलं होतं. कोर्ट म्हणालं, भेदभाव झाला त्या वेळी तुम्ही ती नोकरी करत असायला हव्यात किंवा ती मागत असायला हव्यात.

आड आणि विहिरीचा खेळही संपलेला नाही. सामाजिक सुरक्षेच्या अपंगत्व भत्त्यासाठी ‘मी काम करू शकत नाही’ असं लिहून दिलेला माणूस दुसऱ्या कोर्टात ‘मी काम करू शकतो’ म्हणतो, तेव्हा समोरचा वकील पहिला कागद फडकवतोच. सटनच्या निकालाच्या महिनाभर आधी, २४ मे १९९९ रोजी, क्लीव्हलँड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की एवढ्यावरून दावा आपोआप बुडत नाही. भत्त्याच्या कायद्यात वाजवी सोयीचा विचारच नसतो, त्यामुळे दोन्ही विधानं खरी असू शकतात. पण तो मेळ वादीनं स्वतः, समजेल असा, घालून दाखवायला हवा. ज्यांना हे कुणी सांगत नाही त्यांचे दावे आजही इथंच अडकतात.

आता त्या दोन बहिणी. दुरुस्त कायद्यात उपाय वगळून मोजायच्या नियमाला एकच अपवाद आहे: साधा चष्मा आणि लेन्स. म्हणजे दोघींनी आज दावा लावला, तरी पहिल्या व्याख्येखाली त्यांची नजर चष्म्यासहच मोजली जाईल आणि त्या अपंग ठरणार नाहीत. ओकॉनर यांचं तेवढं म्हणणं संसदेनंही राखलं. पण शेजारीच एक वेगळं कलम घातलं: चष्म्याविना नजरेची अट लावायची असेल तर ती त्या कामाशी संबंधित आणि धंद्यासाठी आवश्यक आहे हे मालकानं सिद्ध करायचं. त्या अटीला आव्हान देणाऱ्यानं अपंग असायलाच हवं असंही नाही, आयोगाच्या नियमांप्रमाणे त्या अटीचा फटका बसलेला असला की पुरे. १९९२ मधल्या त्या मुलाखतीत जे विचारायचं राहिलं ते आता कंपनीला शपथेवर सांगावं लागलं असतं. चष्मा लावून २०/२० दिसणाऱ्या वैमानिकाकडून चष्म्याविना २०/१०० कशासाठी हवी?